तीन किलोंची मुद्गल जोडी: वजनाआधी तोल पारखून घ्यावी अशी वस्तू

व्यायामसाहित्याच्या ऑनलाइन बाजारात लाकडी मुद्गल, म्हणजे मुठीत धरून खांद्याभोवती फिरवायचे जड सोटे, पुन्हा दिसू लागले आहेत. एरवी तालमीच्या कोपऱ्यात तेलाने काळवंडलेल्या भिंतीला टेकून उभी असणारी ही वस्तू आता खोक्यात बंद होऊन थेट चौथ्या मजल्यावर येते. मी मागवलेली जोडी विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे शिसवीची आहे. प्रत्येक मुद्गलाचे सांगितलेले वजन तीन किलो, उंची ५५ सेंटीमीटर आणि पाठवणीच्या खर्चासह जोडीची किंमत तीन हजार रुपयांच्या घरात. सोबत एक रंगीत पत्रक येते, त्याच्याविषयी पुढे बोलावेच लागेल. विक्रेत्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण या जोडीत जे गुणदोष आढळले ते बाजारात मिळणाऱ्या इतर अनेक जोड्यांतही आढळतात, आणि या लेखाचा हेतू एखाद्या दुकानाला शाबासकी किंवा दोष देण्यापेक्षा ही वस्तू कशी पारखावी आणि तिच्याकडून काम कसे करून घ्यावे, हे सांगण्याचा आहे.

प्रथम कारागिरी. मुद्गल अखंड लाकडातून कातलेला आहे. मूठ वेगळी करून बसवलेली नाही, ही जमेची बाजू, कारण जोड असलेली मूठ फिरवताना निसटली तर समोरच्याचे कपाळ किंवा घरातला टीव्ही, दोहोंपैकी एकाची गच्छंती ठरलेली असते. लाकडाच्या रेषा मुठीपासून बुडापर्यंत सरळ उतरतात आणि मुठीच्या सर्वांत बारीक भागात गाठ नाही. बुडाच्या आडव्या कापावर केसाएवढी एक चीर दिसली, पण ती वरच्या थरापुरती आहे. मुठीची जाडी अंगठा तर्जनीवर सहज यावा इतकी आहे आणि टोकाचा गोळा करंगळीला नीट अडतो. मात्र संपूर्ण मुद्गलावर, मुठीसकट, चकचकीत व्हार्निश चढवलेले आहे, आणि हे ज्याने केले त्याने स्वतः मुद्गल कधी फिरवला नसावा. घाम आलेल्या तळव्यात व्हार्निशची मूठ साबणाच्या वडीसारखी सरकते, मग माणूस ती गच्च आवळून धरतो, आणि मूठ आवळली की मनगट, कोपर आणि खांदा तिन्ही ताठ होऊन मुद्गलाचा सगळा व्यायामच बिघडतो. यावर उपाय सोपा आहे: मुठीवरचे व्हार्निश पॉलिश पेपरने घासून काढावे आणि उघड्या लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन ते दोन-तीन दिवस सुकू द्यावे. पण तीन हजार रुपये मोजलेल्या ग्राहकाने हे का करावे, हा प्रश्न उरतोच.

यापेक्षा गंभीर बाब तोलाची आहे. डिजिटल काट्यावर एक मुद्गल २.९ किलो भरला आणि दुसरा ३.१ किलो. लाकूड ही निसर्गाची वस्तू असल्यामुळे एवढा फरक चालायचाच, असे विक्रेता म्हणेल आणि वजनापुरते ते मान्यही करता येईल. परंतु दोन्ही मुद्गल पट्टीच्या कडेवर आडवे ठेवून त्यांचा तोलबिंदू काढला, तेव्हा पहिल्याचा तोल मुठीच्या मध्यापासून ३१ सेंटीमीटरवर आणि दुसऱ्याचा ३३ सेंटीमीटरवर आला. हातावर येणारा ताण ठरतो तो वजन आणि हे अंतर यांच्या गुणाकारावरून. पहिल्याचा गुणाकार सुमारे ९० येतो, दुसऱ्याचा १०२. म्हणजे काट्यावर जो फरक सात टक्क्यांचा दिसतो, तो मनगटापर्यंत पोहोचताना जवळपास चौदा टक्के होतो. जड मुद्गल सतत उजव्या हातात राहिला तर कालांतराने शरीर त्या बाजूला झुकून फिरवू लागते आणि फिरवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे अशी जोडी वापरताना दर फेरीनंतर मुद्गलांची अदलाबदल करावी, किंवा शहरात कोणी कातारी उरला असेल तर त्याच्याकडून जड मुद्गलाचा पोटाखालचा भाग थोडा उतरवून घ्यावा.

हा हिशोब जिममध्ये डंबेल्स वापरणाऱ्यांना अनोळखी वाटतो, आणि त्याचे कारण डंबेल्सच्या रचनेत आहे. डंबेलचे वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखे विभागलेले असते, म्हणजे त्याचा तोलबिंदू तळव्यातच असतो. ते कितीही जड असले तरी मनगट फिरवून टाकण्याचा प्रयत्न करत नाही. मुद्गलाचा तोलबिंदू हाताबाहेर, वीतभराहूनही दूर असतो, त्यामुळे तो प्रत्येक क्षणी कुठल्यातरी दिशेने पडू पाहतो आणि त्याला पडू न देता वळवत राहणे हाच त्याचा व्यायाम होतो. माझा भाचा नियमित जिममध्ये जातो, वीस-वीस किलोंची डंबेल्स डोक्यावर ढकलतो. त्याने ही जोडी हातात घेतली आणि म्हणाला, "मामा, हे तर अगदीच हलकं आहे." पहिले दोन-चार हात (मुद्गलाचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक हात) त्याने झपाझप मारले. मग मुद्गल पाठीमागे जाताना त्याच्या बरगड्या पुढे उचलल्या जाऊ लागल्या, कमरेला कमान आली, कोपरे बाजूला पसरली आणि थोड्याच वेळात मुद्गल खाली ठेवून तो कंबर चोळू लागला. "हात दुखतच नाहीयेत, कंबर का लागतेय?" असे त्याने विचारले. त्याच्या हातांनी काम केलेच नव्हते, हेच त्याचे उत्तर होते. बळ कमी पडले म्हणून हा प्रकार झाला नाही. पुरेसे बळ असल्यामुळेच चुकीच्या वाटेनेही मुद्गल फिरवता आला आणि त्याची किंमत कमरेने मोजली.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने यात काय घडते, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. हात बाजूने उचलून पूर्ण डोक्यावर नेला तर होणाऱ्या सुमारे १८० अंशांच्या हालचालीपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० अंश पाठीवरचे खांद्याचे पाते फिरल्यामुळे मिळतात. हे पाते बरगड्यांच्या पिंजऱ्यावर सरकत असते, आणि जो माणूस दिवसभर संगणकासमोर पोक काढून बसतो, त्याच्या पाठीचा वरचा भाग आखडल्यामुळे पात्याला सरकायला वाव राहत नाही. मग मुद्गल डोक्यामागे नेण्यासाठी जे अंश कमी पडतात, ते शरीर कमरेतून उसने घेते. शिवाय खांद्याची उखळ उथळ असते. हाडाचा गोळा तिच्यात धरून ठेवण्याचे काम रोटेटर कफ या नावाने ओळखले जाणारे चार लहान स्नायू करतात. मोठे स्नायू वेगाने झटका देतात तेव्हा या चौघांना सावरायला वेळ मिळत नाही, आणि मुद्गल सावकाश व घोटून फिरवला तर नेमक्या याच चौघांना उत्तम काम मिळते. अर्थात तीन किलोंचे हेच लाकूड एका माणसाचा खांदा मोकळा करते आणि दुसऱ्याचा दुखवते. फरक फिरवण्याच्या ढबीत असतो.

योग्य ढब कशी, हे या जोडीवर तपासताना काही बारकावे विशेष जाणवले. पाय खांद्यांएवढे अंतर ठेवून रोवावेत, गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ न करता किंचित सैल असावेत आणि बेंबी पाठीकडे ओढून बरगड्या खाली ठेवाव्यात. मुद्गल छातीसमोर उभा धरल्यावर कोपर कुशीला लागून काटकोनात असावे आणि मनगट सरळ रेषेत. इथे क्षणभर थांबता आले पाहिजे. ज्याला मुद्गल समोर स्थिर उभा धरता येत नाही, त्याने तो पाठीमागे टाकण्याची घाई करू नये. पाठीमागे नेताना आधी कोपर वर जाते आणि मुद्गल त्याच्या मागोमाग जातो, हा क्रम उलटला की खांद्यावर ताण येतो. कोपर कानाजवळ, आकाशाकडे रोखलेले राहिले की मुद्गल पाठीमागे मोकळा लोंबतो आणि लोलकाच्या नियमाने एका खांद्यामागून दुसऱ्या खांद्यामागे झोका घेतो. एवढ्या लांबीच्या मुद्गलाला हा झोका पुरा करायला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तो वेळ त्याला द्यावाच लागतो. त्याहून घाई करणारा माणूस गुरुत्वाकर्षण फुकट करत असलेले काम मनगटाच्या बळावर करू पाहतो. झोक्याच्या तळाशी शेवटच्या दोन बोटांची पकड सैल व्हावी आणि मुद्गल पुन्हा वर येताना ती हळूहळू घट्ट व्हावी. पकडीतला हा चढउतार साधला की पुढचा हात आपोआप गोल होतो. मुद्गल समोर येताना श्वास सोडावा आणि मागे जाताना घ्यावा. श्वास अडकला, तर आपण झेपेल त्याहून जास्त करत आहोत, असे खुशाल समजावे.

तीन किलो नव्या माणसाला जड वाटत असेल, तर मूठ गोळ्याजवळ न धरता पाच सेंटीमीटर खाली, बुडाच्या दिशेने धरावी. तोलबिंदू तेवढा जवळ येतो आणि मनगटावरचा ताण सुमारे सहाव्या हिश्शाने उतरतो. या जोडीची मूठ लांब ठेवलेली असल्यामुळे ही सोय नीट मिळते, आणि एकाच जोडीत दोन वजनांचे काम भागते. कातकाम करणाऱ्याने हे जाणूनबुजून केले असेल तर त्याला दाद द्यावी लागेल.

आता त्या पत्रकाविषयी. त्यावर पिळदार दंडाच्या एका तरुणाचे छायाचित्र आहे. त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले आहेत आणि कमरेत भाच्याच्या कमरेत आली होती तीच कमान आहे. खाली तक्ता: पहिल्या आठवड्यात रोज ५० हात, दुसऱ्यात १००, तिसऱ्यात २०० आणि महिनाअखेर ५००. कोपर कुठे असावे, श्वास कधी सोडावा, थांबावे केव्हा, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. ज्या वस्तूचे सगळे मर्म फिरवण्याच्या ढबीत आहे, तिच्यासोबत केवळ आकड्यांचा तक्ता देणे हे बेजबाबदारपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आठवड्यागणिक दुप्पट होणारा आकडा गाठण्याच्या नादात माणूस पहिली गोष्ट सोडतो ती समोर थांबण्याची, दुसरी श्वासाची आणि तिसरी कोपराची. मग जे उरते त्याला मुद्गल फिरवणे न म्हणता लाकूड भिरकावणे म्हणावे लागेल. पत्रकावरच्या चौकटीतून स्कॅन करून एक चित्रफीतही पाहता येते. तिच्यातही पार्श्वसंगीत भरपूर आणि सूचना दोन वाक्यांच्या.

आकड्यांचे वेड नवे नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. तालमींतही शेकड्यांनी जोर आणि हजारांनी बैठका मारल्याचे किस्से मोठ्या अभिमानाने सांगितले जातात, आणि कुस्तीसाठी लागणारा दम त्या गणतीतूनच येतो, यातही तथ्य आहे. परंतु तालमीत आकड्यासोबत डोळेही असत. पुण्यातल्या एका जुन्या तालमीत सत्तरी ओलांडलेले एक वस्ताद नव्या मुलांना आणि आमच्यासारख्या पोट सुटलेल्या नोकरदारांना सारख्याच आवाजात दटावत: "आकडा माझ्याकडं ठेवा, तुम्ही कोपर सांभाळा." कोणी मनातल्या मनात मोजताना ओठ हलवले तरी ते त्यांच्या लक्षात येई आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होई. घरात एकट्याने मुद्गल फिरवणाऱ्याकडे असे वस्ताद नसतात. त्यांची जागा काही अंशी आरसा भरून काढतो, पण आरशात पाठीमागचे दिसत नाही. त्यापेक्षा फोन कमरेच्या उंचीवर, बाजूने ठेवून एखाद्या फेरीचे चित्रीकरण करावे आणि पाहताना फक्त दोन गोष्टी पाहाव्यात: बरगड्या उचलल्या जातात का आणि कोपर बाहेर पळते का. पत्रकाच्या तक्त्याऐवजी माझा नियम असा की ज्या हाताला कोपर प्रथम ढळेल, त्याच हाताला फेरी संपली, मग तो आठवा असो वा अठ्ठाविसावा. आणि फेरी नेहमी डाव्या, म्हणजे दुबळ्या हाताने सुरू करावी. उजव्या हाताने किती करायचे, ते डाव्याने ठरवावे.

हलके वजन घेऊन सफाई साधण्याची कल्पना नवी नाही आणि मुद्गलाच्या बाबतीत तर तिला इतिहासाचा आधार आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी भारतातले मुद्गल पाहिले, ते विलायतेला नेले, त्यांचे वजन बरेच उतरवले आणि फिरवण्याच्या आकृत्यांवर भर देत त्यांची कवायत बनवली. हेच हलके मुद्गल, इंग्रजीत ‘क्लब’, १९०४ च्या सेंट लुईस आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्समधील एक स्पर्धा म्हणून खेळले गेले. ती वजन उचलण्याची स्पर्धा नव्हती, फिरवण्याच्या कौशल्याची होती. आपल्याकडे मात्र जड मुद्गलाचा मान मोठा राहिला, आणि आज ऑनलाइन दुकानांत दहा-पंधरा किलोंच्या मुद्गलांची छायाचित्रे वर आणि दोन किलोंची जोडी पार तळाला असते, त्यामागेही तीच मानसिकता दिसते. नव्या ग्राहकाने बेलाशक तळाला जावे. प्रौढ पुरुषाने दीड ते तीन किलोंच्या जोडीपासून आणि स्त्रियांनी किंवा साठीपुढच्यांनी एक ते दीड किलोपासून सुरुवात केली तर काहीही बिघडत नाही.

घरातल्या वापराविषयी थोडक्यात. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये हात वर करून मुद्गल उभा धरला की तो पंख्याच्या पात्यांच्या हद्दीत जाऊ शकतो, त्यामुळे गच्ची, पार्किंगचा कोपरा किंवा पंखा नसलेली बाल्कनी बघावी. खाली सतरंजी किंवा रबरी चटई हवीच. लहान मुले व पाळीव प्राणी दोन हातांच्या अंतराबाहेर असावेत. ज्यांचा खांदा पूर्वी निखळलेला आहे, ज्यांना खांदा आखडण्याचा त्रास आहे, मानेतून हाताला मुंग्या येतात किंवा ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारल्याशिवाय ही वस्तू मागवू नये.

पावसाळ्यातली निगा हा कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या ग्राहकांसाठी वेगळा विषय आहे. लाकूड हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे बुडावर तेलाचा हात सर्वांत जास्त द्यावा, कारण आडव्या कापातूनच ओलावा आधी शिरतो. मुद्गल थेट फरशीवर उभे न करता लाकडी पाटावर ठेवावेत, आणि बुरशी दिसली म्हणून भर उन्हात वाळवू नयेत. उन्हातला झटपट कोरडेपणा चिरा वाढवतो.

विक्रेत्याशी झालेला व्यवहार संमिश्र होता. वजनातल्या तफावतीविषयी कळवल्यावर उत्तर लवकर आणि सभ्य आले, पण तोलबिंदूचा प्रश्न त्यांना प्रथम कळलाच नाही. छायाचित्र आणि मोजमापे पाठवल्यावर त्यांनी जड मुद्गल बदलून देण्याची तयारी दाखवली, मात्र परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाच्या माथी मारला. तीन किलोंच्या पार्सलला तो काही थोडाथोडका पडत नाही. म्हणून ज्यांना अशी जोडी मागवायची आहे, त्यांनी पैसे भरण्यापूर्वीच तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: दोन्ही मुद्गल एकाच ओंडक्यातून कातलेले आहेत का, प्रत्येकाचे प्रत्यक्ष वजन किती आणि तोल मुठीपासून किती अंतरावर येतो, आणि मूठ व्हार्निशशिवाय मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाला मला चौकशीत होकार मिळाला. कोरी मूठ मागितली तर ते तशी देतात, त्यासाठी वेगळे पैसे घेत नाहीत, फक्त संकेतस्थळावर तसे कुठेही लिहिलेले नाही.